अडतीस पिल्लं

पौडच्या पुढच्या एका वाडीतून कोंबड्या पाळणाऱ्या दादांचा फोन आला, तेव्हा मी चांदणी चौकातल्या गर्दीत अडकले होते. "मॅडम, लॉट चौदा दिवसांचा झालाय. पाच पिल्लं पाय ओढतायत. औंधला नेऊ का?" औंधला म्हणजे पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात. मी म्हटलं, "एवढ्यात नको, पाण्यातून कॅल्शियम द्या, मग बघू." एकही पिल्लू न बघता सांगितलं.

सहा दिवसांनी गेले तेव्हा 400 च्या लॉटमधली 43 अधू होती.

शेडमध्ये दोष काढायला जागा नव्हती. मुळशीच्या पावसातही तूस कोरडा, ड्रिंकर घासलेले, गर्दी नाही. पिल्लांचे डोळे तरतरीत, पोटात भूक. फक्त ती हॉकवर, म्हणजे पायाच्या मधल्या सांध्यावर, बसलेली आणि पंखांचा आधार घेत फीडरकडे सरपटणारी. आजारी पिल्लू गप्प कोपऱ्यात बसतं. ही खायला धडपडत होती, आणि तेच बघवत नव्हतं.

एक उचललं. चोच दाबली, टणक. मुडदूस असता तर ती रबरासारखी वाकली असती. बरगड्यांवर गाठी नाहीत. मग हॉकचा सांधा. लोक त्याला गुडघा म्हणतात, पण खरं तर तो घोटा. त्याच्या मागच्या बाजूला एक खोबण असते आणि पोटरीची जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी कंडरा) तिच्यातून खाली उतरते. अंगठा फिरवला की ती दोरीसारखी मधोमध लागायला हवी. इथे खोबणच चपटी झालेली, शीर बाजूला घसरलेली, सांधा सुजलेला आणि खालचा पाय पिळवटून बाहेर गेलेला. सकाळी मेलेल्या एका पिल्लाचं नळीचं हाड मोडून पाहिलं. कट्कन तुटलं. हाडाला कॅल्शियम कमी नव्हतंच. हा पेरोसिस होता.

मँगनीज कमी पडलं की कूर्चा नीट घडत नाही, हाड आखूड आणि जाड राहतं, आणि शीर जागा सोडते. विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर या संशोधकांनी हा संबंध 1936 मध्येच दाखवला. आम्हा पशुवैद्यांना तो शिकताना दुसऱ्या वर्षापासून पाठ असतो.

खाद्याच्या खोलीत उत्तर गोणीवरच छापलेलं होतं. तयार खाद्य परवडेना म्हणून दादांनी या लॉटला मका भरडा आणि सोया पेंड घरीच मिसळली होती, आणि त्यात गाईचं चित्र असलेलं मिनरल मिक्श्चर. दुकानदार म्हणाला होता, मिनरल ते मिनरल. जनावरांच्या त्या भुकटीत मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस असतं. कोंबडीच्या पिल्लाला मँगनीज लागतं किलोभर खाद्यात 60 मिलिग्रॅम. मक्यातून किलोला जेमतेम 5 ते 10 मिळतं, सोया पेंडीतून 30 ते 40, तेही दाण्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे सगळं अंगी लागत नाही. कमी पडणारं सगळं मँगनीज सल्फेटमधून द्यायचं म्हटलं तरी क्विंटलला फार तर 20 ग्रॅम. त्या चिमटीसाठी माणसाचा लॉट बसतो, आणि औषध विकणाऱ्याला गाय आणि कोंबडी यांतला फरक सांगावासा वाटत नाही.

पण गोणीशेजारी शिंपल्याच्या पिठाचं पोतंही होतं, नुकतंच फोडलेलं. "तुम्ही कॅल्शियम सांगितलं ना मॅडम, म्हणून खाद्यात पण टाकलं."

आतड्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस जास्त झालं की आहे तेवढं मँगनीजही शोषलं जात नाही. म्हणजे आधीच अर्धवट असलेल्या खाद्यावर मी झाकण घातलं होतं.

पीठ बंद केलं. पोल्ट्रीचं ट्रेस मिनरल मागवलं. ते थेट ढिगावर टाकायचं नाही, आधी 5 किलो भरड्यात हाताने एकजीव करायचं, मग त्याचे थर देत फावड्याने तीनदा ढीग पालटायचा, नाहीतर एका पिल्लाला भरपूर मिळतं आणि दहांना शून्य. कोलीन किंवा बायोटिन ही पोषकद्रव्यं कमी असली तरी पाय असाच जातो, म्हणून तेही दिलं. त्यानंतर नवीन पिल्लू अधू झालं नाही. पण घसरलेली शीर परत खोबणीत येत नाही. वहिनींनी ती सगळी अधू पिल्लं वेगळ्या खणात ठेवून वाटीने भरवायला घेतली होती. त्यांना ती काढावी लागतील हे सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

मग दादांना म्हटलं, "ते कॅल्शियम मी चुकीचं सांगितलं." ते म्हणाले, "राहू द्या मॅडम, गोणी मीच आणली होती ना."

खाद्य चुकलेलं होतंच, त्यामुळे काही पाय कसेही गेले असते. पण पाचाची त्रेचाळीस झाली ती माझ्या सहा दिवसांत. मधल्या 38 पैकी गोणीची किती आणि माझी किती, हे वेगळं काढायचा कुठलाच मार्ग माझ्याकडे नाही. तरीही मी रोज तो हिशेब मांडते. औंध त्यांच्यापासून फार तर तासाभरावर आहे.