शेपटी का कापत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, हा क्लस्टर एवढा लांबट, तरी एकच न्यूरॉन कसा? कापत का नाही?" लॅबमध्ये नवीन येणारा प्रत्येक जण हे विचारतो. आता एकदा लिहूनच टाकते. मेंदूत ठेवलेल्या तारा आसपासच्या पेशींचे (न्यूरॉनचे) विजेचे ठोके, म्हणजे स्पाइक, पकडतात. प्रत्येक स्पाइक पडद्यावर एक ठिपका; सारख्या स्पाइकच्या ठिपक्यांचा ढग म्हणजे क्लस्टर, तो एका पेशीचा मानायचा. कापणं म्हणजे ढगाचे दोन तुकडे करून दोन पेशी मोजणं.

गोल ढग सॉफ्टवेअरच्या गणिताला सोयीचा. पेशीला त्याचं बंधन नाही. हिप्पोकॅम्पसमधली (मेंदूतल्या स्मरणाशी जोडलेल्या भागातली) पिरॅमिडल पेशी बर्स्ट, म्हणजे लागोपाठ काही स्पाइक, देते तेव्हा पाठोपाठच्या स्पाइकची उंची उतरत जाते आणि ढगाला शेपटी फुटते.

एका विद्यार्थिनीच्या टेट्रोडवर (चार तारांच्या इलेक्ट्रोडवर) असाच ढग होता. मीटिंगमध्ये सरांनी शेपटीभोवती पॉलिगॉन ओढला. "ही दुसरी पेशी. घे, तुझे सेल वाढले." तिचा चेहरा खुलला, थिसिसला पेशी कमी पडत होत्या. मी दोन्ही तुकड्यांचा क्रॉस-कोरेलोग्राम काढायला लावला, म्हणजे एका तुकड्याच्या स्पाइकच्या आधी-नंतर दुसऱ्याचे किती वेळाने येतात त्याचा आलेख. शून्याच्या दोन्ही बाजूंना दोनेक मिलिसेकंद साफ रिकामे. पुढे ३ ते ६ मिलिसेकंदांवर एकाच बाजूला उंच खांब, म्हणजे छोटा स्पाइक कायम मोठ्याच्या मागून. सर म्हणाले, "मग दोघींत सिनॅप्स (पेशी-पेशींमधली जोडणी) आहे. उलट छानच!" मी म्हटलं, खांबाचं ठीक आहे, पण शून्याजवळच्या रिकाम्या खड्ड्याचं काय? एकच पेशी स्पाइकनंतर क्षणभर थांबते; दोन वेगळ्या पेशी एकमेकींसाठी का थांबतील? कुणीच बोललं नाही. तिच्या दोन पेशींची पुन्हा एक झाली.

संध्याकाळी दादरच्या पुलावर ती म्हणाली, "ताई, सगळ्यांसमोरच सांगायला हवं होतं का?" ते अजून लागतं. पण पॉलिगॉनही सगळ्यांसमोरच ओढला होता ना!

तेव्हा खड्ड्यावर जेवढा भार टाकला तेवढा आज टाकणार नाही. आमची जुनी सिस्टिम सिग्नलने थ्रेशोल्ड (ठरवलेली पातळी) ओलांडला की १ मिलिसेकंदाचा तुकडा साठवायची; त्यात आलेला दुसरा स्पाइक वेगळा नोंदलाच जात नसे. म्हणजे खड्ड्याचा तेवढा भाग यंत्राचा. उरलेला पेशीचा, असं मी म्हणते. सर अजून मानत नाहीत.

पूर्वी मी "कधीच कापू नका" म्हणायचे, तेही टिकत नाही. २००० साली हॅरिस, बुझाकी आणि सहकाऱ्यांनी पेशीच्या आतून आणि टेट्रोडने एकाच वेळी नोंद घेऊन ताडून पाहिलं, तर हाताने वेगळं करणाऱ्यांच्या चुका ३० टक्क्यांपर्यंत गेल्या होत्या. त्या हातांत माझ्यासारखेही हात आलेच.

आता आधी स्पाइकच्या उंचीचा वेळेनुसार आलेख बघते. तासाभरात सावकाश उतरली तर टेट्रोड सरकलाय. मिलिसेकंदांत पडत असेल तर बर्स्ट. आमच्याकडे बहुतेकदा दोन्ही असतं, आणि तेव्हा मी कापत नाही. दुसरी पेशी आहे हे कापणाऱ्याने दाखवावं. सर म्हणतात, एकच आहे हे तू दाखव; दोन पेशी एकत्र राहिल्या तर उंदराच्या एकाच पेशीला दोन प्लेस फील्ड (ज्या जागी गेल्यावर पेशी स्पाइक देते त्या जागा) दिसतील आणि आपण त्यावर पेपर लिहू. याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.