तेवीस फोटो आणि एक पाय

तंजावरला आम्ही गेलो ते करणं, म्हणजे जुन्या शास्त्रातल्या नृत्याची दगडात कोरलेली शिल्पं, बघायला, आणि ती सोडून बाकी सगळं बघून आलो. चूक माझीच. बृहदीश्वराच्या देवळाच्या विमानात, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरात, गाभाऱ्याभोवतीच्या वरच्या मजल्यावर, भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी ८१ कोरलेली आहेत. नाचणारा खुद्द चतुर्भुज शिव. पुढचे २७ दगड कोरेच राहिले. राजराज चोळाचं हे देऊळ १०१० साली पुरं झालं. एवढं सगळं मला तोंडपाठ होतं. तो मजला तुमच्याआमच्यासाठी बंद असतो, हे तेवढं मी बघून ठेवलं नव्हतं. रखवालदाराने नुसतीच मान हलवली. भाची काही बोलली नाही, पण तिचं ते न बोलणं मला चांगलं ओळखता येतं. सरफोजीराजांनी १८०३ साली भिंतींवर कोरून घेतलेला भोसल्यांचा मराठी शिलालेख तिला हौसेने दाखवला, तर म्हणाली, "छान आहे गं, पण हे वाचायला आलोय का आपण?"

मधला एक दिवस कुंभकोणम आणि कॉफी. त्याबद्दल तक्रार नाही.

माझं हे करणांचं वेड साताऱ्याचं. आमच्याकडे नटराज मंदिर आहे, चिदंबरमच्या धर्तीवर बांधलेलं. कांचीच्या शंकराचार्यांच्या, परमाचार्यांच्या, इच्छेने भरतनाट्यमच्या नर्तकी पद्मा सुब्रह्मण्यम यांनी तिथल्या १०८ करणांच्या मूर्तींची आखणी केली, शिव आणि पार्वती दोघंही नाचताना. करण म्हणजे पोझ नव्हे, हातापायांची मिळून होणारी हालचाल, हे बाईंनी आयुष्यभर सांगितलं. मीही चार वर्षं भरतनाट्यम शिकले, बारावीच्या नावाखाली सोडलं, आणि ते वाक्य मात्र लोकांना ऐकवत राहिले. खरं सांगायचं तर मला ते कधी कळलंच नव्हतं. मूर्ती समोर उभी आहे, दगडाची आहे, हलत नाहीये. मग पोझ नाही तर काय?

चिदंबरमला सकाळी पोचलो. तिथली करणं वर कुठे कुलपात नाहीत, चारही गोपुरांच्या खालून जो रस्ता आत जातो त्याच्या दोन्ही भिंतींवर आहेत. एकावर एक चौकटी, खालपासून पार वरच्या अंधारापर्यंत. पूर्व आणि पश्चिम गोपुरांत तर वर नाट्यशास्त्रातले श्लोकही ‘ग्रंथ’ नावाच्या जुन्या लिपीत कोरलेत. इथे शिव नाही, नर्तकी आहे. तिच्या बाजूला गुडघ्याएवढे वादक.

आणि तिथे कोणी थांबत नाही! जानेवारीतलंही ऊन तिथे चटकतं, त्या बोळात मात्र गार वारा. त्यामुळे एक आजोबा भिंतीला टेकून झोपलेले, दोघी बायका पिशव्या मांडून बसलेल्या, बाकीचे दर्शनाच्या घाईत आम्हाला धक्के देत पुढे. हाताला येतील त्या चौकटींना लोक उरलेला अंगारा पुसतात. एका नर्तकीची पावलं अंगाऱ्याने इतकी भरलेली की बोटं दिसेनात. माझं डोकं फिरलं. रुमाल काढून पुसायला लागले, मग आठवलं, आपणही कुंकवाचं बोट खांबालाच पुसतो की. रुमाल आत ठेवला.

पूर्व गोपुरात डोळ्यांच्या पातळीला एक चौकट होती. नर्तकीचा एक पाय मागून वर उचललेला, विंचवाच्या नांगीसारखा, तळवा आभाळाकडे. कमर वळलेली. शेजारचा वादक मान वर करून तिच्याकडे बघतोय; त्याचा गाल झिजून गुळगुळीत झालाय, तरी बघणं शिल्लक आहे. भाची पुण्यात सात वर्षं शिकतेय. म्हणाली, "वृश्चिकातलंच काहीतरी आहे. थांब, करून बघते."

आधी तिने मूर्तीकडे बघून हात लावला, मग कमर वळवली, मग पाय मागे उचलला. एकेक अवयव नेमून दिल्यासारखा. पाय अर्ध्यावर आला आणि ती डगमगली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पिशवीवाल्या बाईंना हसू आवरेना. कार्टी चिडली. दोन पावलं मागे गेली, सरळ उभी राहिली, पाय आपटून एक गिरकी घेतली, आणि त्या गिरकीच्या ओघात पाय मागून वर गेला, हात आपोआप सुटला, मान वळली. पापणी लवायच्या आत ती चौकटीतल्या बाईसारखी झाली आणि लगेच उतरलीही.

"मावशी, काढलास?"

कसला काढतेय! मी तोंड उघडं टाकून उभी.

मग सुरू झाला तमाशा. ती गिरकी घेणार, मी बटण दाबणार. कधी पाय वर जायच्या आधीचा फोटो, कधी उतरल्यानंतरचा. एकात मधून जाणाऱ्या गृहस्थांची पाठ. तेवीस फोटो काढले, एकातही ते नाही. शेवटी भाचीने धापा टाकत भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "त्याने कसं काय बघितलं गं? त्याच्याकडे तर फोनपण नव्हता." पाथरवटासमोर कोणीतरी असंच पुन्हा पुन्हा नाचलं असेल, असं मला वाटतं. पुरावा नाही, माझा अंदाज. पण त्या घटकेला साताऱ्याच्या मूर्ती डोळ्यांपुढे आल्या आणि पहिल्यांदा वाटलं, त्यांच्या आधीचं आणि नंतरचं पाऊल मी कधी शोधलंच नाही.

या भानगडीत दुपार झाली आणि मंदिर बंद. एवढा प्रवास करून दर्शन राहिलं. लॉजवरच्या खोलीत पंखा नुसता आवाज करत होता, जेवण मात्र सुरेख. भाची गुडघ्याला बाम चोळत बसली होती आणि मला तिच्या आईला काय सांगायचं याची काळजी.

संध्याकाळी गेलो तर रेटारेटी. घंटा कानठळ्या बसवत होत्या. नटराज दागिने, वस्त्रं आणि हारांत इतका बुडालेला की नाच कुठे आणि फुलं कुठे कळेना. मागून भाचीने विचारलं, "मावशी, उचललेला पाय दिसला?"

"दिसला," मी म्हटलं. मला समोरच्या उंच माणसाचा खांदा दिसला होता.