ओकच्या सावलीतला आजचा वर्ग

कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवरील मेरिट कॉलेज या कम्युनिटी कॉलेजमध्ये मी लँडस्केप हॉर्टिकल्चरचा, म्हणजे बागांची आखणी आणि लागवड यांचा, अभ्यास करते. आजचा वर्ग एका जुन्या कोस्ट लाइव्ह ओक या इथल्या सदाहरित झाडाखाली भरला. माझ्या आराखड्यात मी अशाच एका ओकच्या बुंध्याभोवती ठिबकची नळी दाखवली होती. शिक्षिकेने ती रेघ शांतपणे खोडली आणि कारण समजावून सांगितले. येथे पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो, आणि या चक्राशी जुळलेल्या ओकच्या बुंध्याशी उन्हाळ्यात सतत ओल राहिली, तर उबदार मातीत मुळे कुजवणाऱ्या रोगांना वाव मिळतो. पाण्याने झाडाला अपाय होऊ शकतो, हे कोकणात वाढलेल्या मला स्वीकारायला वेळ लागला. मृग लागला की रोपे लावायची, हे आजीकडून शिकलेले गणितही इथे बदलावे लागते. लागवड शरदात केली, तर हिवाळी पावसात मुळे खोल जातात.

नंतर आम्ही पाण्याचा हिशेब केला. राज्याच्या पाणीबचतीच्या नियमावलीत २०१५ मध्ये सुधारणा झाली आणि परवाना लागणाऱ्या नव्या बागांसाठी तिची मर्यादा ५०० चौरस फुटांपर्यंत खाली आली, त्यामुळे लहान अंगणांचाही हिशेब आता द्यावा लागतो. हिरवळीच्या जागी मांझानिटा आणि सेज ही कमी पाण्यावर वाढणारी झुडपे धरताच माझा आकडा निम्म्याहून खाली आला, आणि मला मनापासून आनंद झाला.

आज रात्री आराखडा पुन्हा काढते आहे. ओकखाली गळलेल्या पानांचा थर तसाच राहील.