संकष्टीचा उपास आणि फायब्रोस्कॅन

वजन उतरवायच्या ऑपरेशनच्या आधी माझं वजन ११२ किलो होतं आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दरवर्षी तीच ओळ असायची: फॅटी लिव्हर, ग्रेड २. एकदा साताऱ्यातच दुसऱ्या सेंटरला केली तर ग्रेड १ आला. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. नंतर कळलं, मूत्रपिंडाच्या मानाने लिव्हर पडद्यावर किती पांढरं दिसतं, ते बघून डॉक्टर नजरेने हा ग्रेड ठरवतात. बघणारा बदलला की तोही बदलू शकतो. शिवाय चरबी थोडी असेल तर सोनोग्राफीत ती दिसतेच असं नाही.

म्हणून पुण्याच्या सर्जननी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायचं ते ऑपरेशन, करण्याआधी फायब्रोस्कॅन करायला लावला. लिव्हरमधली चरबी आणि कडकपणा मोजणारी ही तपासणी. उजवा हात डोक्याखाली घेऊन उताणं झोपायचं. बरगड्यांच्या फटीत गार जेल, त्यावर प्रोब, आणि मग टक्. कोणीतरी आतून टिचकी मारावी तसं. दुखत काही नाही. अशा किमान दहा टिचक्या नीट लागाव्या लागतात, आणि त्यांचे आकडे एकमेकांपासून फार लांब गेले तर रिपोर्टवर भरवसा नाही. शेवटी दोन आकडे हातात येतात. कॅप चरबीचा, किलोपास्कल कडकपणाचा. माझे होते ३४८ आणि १०.४.

"चरबी उतरेल हो ताई," डॉक्टर म्हणाले. "मला या दुसऱ्या आकड्याकडे लक्ष ठेवायचंय." कडकपणा म्हणजे आत व्रण धरायला लागलेत का, याचा अंदाज.

मग दोन आठवडे पातळ आहार, कारण सुजलेलं लिव्हर जठरावर पसरलेलं असतं आणि दुर्बिणीतून काम करताना ते उचलावं लागतं. ऑपरेशन झालं. त्याबद्दल सगळेच लिहितात, मी पुढे जाते.

सहा महिन्यांनी वजन ८४. मी मिरवतच स्वारगेटला उतरले. टेक्निशियनने विचारलं, "उपाशी आहात ना?" मी म्हटलं, "हो, संकष्टी आहे आज."

चरबी २६१ वर आली होती. कडकपणा ११.२. वाढलेला!

परतीच्या एसटीत मोबाईलवर वाचलं की वजन फार झपाट्याने उतरलं तर काहींचं लिव्हर बिघडूही शकतं. खंबाटकी घाट येईपर्यंत मी स्वतःला सिरॉसिस करून टाकला होता. घरी आल्यावर यांच्याशी धड बोललेही नाही. दुसऱ्या दिवशी डाएटिशियनचा फोन आला.

"तपासणीआधी काय खाल्लं होतं?"

"काही नाही हो, उपास होता. राजगिऱ्याचा एक लाडू आणि वाटीभर दूध, तेही दाराशी पोचल्यावर, चक्कर नको म्हणून."

पलीकडे आधी शांतता, मग हसू. स्लीव्हनंतर दर दोन-तीन तासांनी थोडं खायची सवय त्यांनीच लावलेली, आणि आपल्याकडे उपास म्हणजे न खाणं नव्हेच. पण खाल्लं की लिव्हरकडे जाणारं रक्त वाढतं आणि मशीनला ते कडक लागतं. म्हणून निदान तीन तास पोट रिकामं हवं. माझ्या कागदावर छापलेलं होतं, 'फास्टिंग'. मी ते संकष्टीशी जुळवून टाकलं.

आठवड्याने पुन्हा गेले, पुन्हा पदरचे पैसे भरले. ७.३ आला. डॉक्टरांनी ऑपरेशनआधीचा आणि आजचा रिपोर्ट शेजारी ठेवून एका कोपऱ्यावर पेनने गोल केला: तेव्हा एक्सएल प्रोब, आता एम. जाड अंगाला एक्सएल लावतात, मी आता एममध्ये बसते. त्याच माणसावर एम सहसा आकडा थोडा जास्तच दाखवतो, म्हणजे उतार खराच आहे. मी तो कोपरा आयुष्यात पाहिला नसता.

त्याच दिवशी सोनोग्राफीही केली, ती पित्ताशयासाठी. भरभर वजन उतरलं की खडे धरतात. गाळ दिसला, गोळ्या वाढवल्या.

वर्ष झालं तेव्हा वजन ७३, कॅप २२२, कडकपणा ५.६. प्रोब एमच, हे मी आधी विचारून घेतलं. टेक्निशियन म्हणाला, "आज संकष्टी नाही ना ताई?"

पुढची तारीख कॅलेंडर समोर धरूनच घेतली आहे. वेळ सकाळी साडेआठची. आदल्या रात्री नणंदेकडे कोथरूडला मुक्काम, आणि तिला सांगून ठेवलंय की उठल्यावर चहा विचारायचा नाही.