२४८ ओहम

वायरिंगच्या धंद्यात वीस वर्षं माझं एका मेगरवर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि एका टेस्ट लॅम्पवर भागलं. आता मात्र हॉस्टेल, दवाखानेवाले काम ताब्यात घेताना कागद मागतात. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारं स्विच, किती मिलिसेकंदांत पडली. अर्थ लूप, म्हणजे गळालेल्या करंटला अर्थमधून परतायला किती ओहमचा अडथळा, किती आला; तो जितका कमी तितका बरा. त्याला मल्टिफंक्शन टेस्टर लागतो आणि नवा लाखाच्या घरात जातो. म्हणून जुना शोधत होतो. नागपुरात इतवारीतल्या एका गल्लीत एक आहे असं कळलं. किंमत पस्तीस हजार.

मे महिन्याची दुपार, रस्त्यावर कुत्रंही नाही. बॅगेत मशीन पारखायचं माझं सामान होतं. शंभर किलोओहमचे दहा रेझिस्टर ओळीने डाग देऊन केलेला एक मेगओहम, एक ओहमचा वायरवाउंड, आणि लाकडी बोर्डवर बसवलेली ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. (एक मेगओहमचा एकच बारका रेझिस्टर नेऊ नका, पाचशे व्होल्ट सोसायची त्याची ऐपत नसते.)

डिस्प्ले पेटला की गिऱ्हाईक खूश होतं. मी आधी सेलचं झाकण उघडतो. आत पांढरट-हिरवी बुरशी होती, पण चाकूने खरवडल्यावर पितळ निघालं. वायरीला चौकोनी पिनांचा इंग्लिश प्लग होता. तो कापून आपला गोल पिनांचा लावला. दुकानदार बघत होता. "इतकं कोणी तपासत नाही भाऊ," तो म्हणाला.

एक ओहमला मशीनने १.२७ दाखवलं. मशीनच्या वायरींचा अडथळा वजा केल्यावर १.०१. पाचशे व्होल्टला मेगओहम ०.९९. आरसीसीबी १५ मिलिअँपिअरला हलली नाही, ३० ला २४ मिलिसेकंदांत पडली, पाचपट करंटला ११ मध्ये. मर्यादा ३० ला ३००, पाचपटला ४०. मनातल्या मनात मी पैसे मोजायला लागलो होतो.

राहिला लूप. भिंतीतल्या सॉकेटला लावला. फेज-न्यूट्रल ०.७. फेज-अर्थ २४८. पुन्हा घेतला, पुन्हा २४८ च.

दुकानदाराचा चेहरा पडला. "मशीन बिगडलं असन. तीन हजार कमी द्या अन् घेऊन जा."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मी गप्प बसलो. तीन हजार म्हणजे कॅलिब्रेशनचा, मशीनचं माप ताडून कागद घेण्याचा, बराचसा खर्च निघत होता. पण त्याच सॉकेटवर त्याच मशीनने फेज-न्यूट्रल ०.७ दाखवलं होतं. मशीन धड होतं. बिघाड भिंतीत होता.

आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या सॉकेटवर कूलर चालू होता. लोखंडी बॉडीचा, खाली पाण्याने ओली फरशी. मघापासून एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. दुकानातला पोरगा कूलरमध्ये पाणी टाकायला लाकडी स्टुलावर चढायचा. टाकी तर कमरेएवढीच उंच. स्टूल कशाला?

"करंट मारते न तो," पोरगा म्हणाला.

"थोडा मारतेच बाप्पा," दुकानदार म्हणाला. "नागपुरात कोणता कूलर नाही मारत?"

मल्टिमीटर काढून न्यूट्रल आणि अर्थमध्ये धरला. कूलर चालू असताना ३४ व्होल्ट, बंद केल्यावर २. मग कूलरची पिन काढून माझ्या बोर्डात खोचली. बटण दाबताच टक्. आरसीसीबी खाली. वर केली, पुन्हा टक्.

"मशीन खरं बोलून राहिलं," मी म्हणालो. "तुमची अर्थिंग मेली आहे." २३० व्होल्टला २४८ ओहमने भागलं तर अर्थमधून एक अँपिअरही वाहत नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला, जास्त करंट आला की पडणाऱ्या स्विचला, त्याची खबरसुद्धा लागणार नाही. पंपाची वाइंडिंग आज थोडं गळत होती. उद्या पुरती बॉडीला टेकली तर कूलर जवळजवळ २३० व्होल्टवर उभा राहील आणि दिवा तसाच जळत राहील. दरवर्षी उन्हाळ्यात पेपरात कूलरच्या शॉकच्या बातम्या येतात, त्या अशाच घरांतल्या असतात. दुकानदाराने स्वतःच उठून कूलरची पिन काढली. घामाने शर्ट चिकटला, पण तक्रार नाही केली.

भाव मात्र मी सोडला नाही. कॅलिब्रेशनच्या कागदावरचा सिरियल नंबर मशीनवरच्या नंबराशी जुळत नव्हता, शेवटचे दोन आकडे वेगळे. "एकाच कंपनीतून चार आले होते, कागद अदलाबदल झाले असतील," तो म्हणाला. असेलही. पण तो कागद माझ्या कामाचा नव्हता, नवं कॅलिब्रेशन मलाच करावं लागणार होतं. एकतीसवर सौदा झाला. लूपचे तीन हजार मागितले नाहीत, कागदाचे चार मागितले.

रविवारी अर्थिंग बघायला गेलो. मागच्या बोळात फरशी उचलली तर खड्ड्यातली काळी माती भेगाळलेली, आत पेन जाईल इतक्या भेगा. पाइपावरचा क्लॅम्प गंजून भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला. आठ नंबरची जीआय तार तिथे काडीएवढी उरली होती. पाइप घासला, नवा क्लॅम्प, नवी तार. लूप १४ वर आला. दोन बादल्या पाणी ओतून चहा प्यायलो, परत मोजला. ६.८. कूलरला नवा पंप आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. त्या मशीनचं माझ्याकडचं पहिलं काम हेच.

सामान आवरताना पोरगा बादली घेऊन आला आणि सवयीने स्टूल ओढून त्यावर चढला. दुकानदार ओरडला, "अबे, आता काहून चढतोस?" पोरग्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो खाली उतरला, पण कूलरला पहिला हात त्याने पंजाच्या उलट्या बाजूनेच लावला.