तुम्ही विचारलंत म्हणून: पंचवीस वर्षांनी वर्ग पुन्हा जमवायचा तर

कॉलेज सोडून पंचवीस वर्षं व्हायला आली की हा प्रश्न येतोच. "आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण त्यावर सुप्रभात आणि वाढदिवस एवढंच चालतं. यंदा रियुनियन करायचंय. दादर-माटुंग्याला कुठला हॉल बघू?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हॉल सगळ्यात शेवटी बघा. आधी यादी, मग तारीख, मग हॉल. हॉलपासून सुरुवात केली की ग्रुपवर आधीपासून असलेलेच चाळीस जण भेटतात. ज्यांची चौकशी सगळे करत असतात, ते बाहेरच राहतात.

यादी म्हणजे ग्रुपमधले नंबर नव्हेत. रोल नंबरप्रमाणे, तुकडीवार, अख्ख्या वर्गाची यादी हवी. कॉलेजचा वार्षिक अंक, प्रॅक्टिकलच्या बॅचेसची झेरॉक्स, कुणाच्या तरी माळ्यावर राहिलेलं स्लॅमबुक यांतून ती तयार होते. प्रत्येक तुकडीला दोन माणसं नेमा. एकाच माणसावर सोपवलं तर त्याच्या ओळखीचे तेवढेच सापडतात. कॉलेजच्या ऑफिसात फोन नंबर मागू नका. दुसऱ्याची माहिती त्यांनी देऊही नये. "आमचं पत्र त्यांच्या पत्त्यावर पाठवाल का?" असं विचारा आणि तिकिटं लावलेली पाकिटं सोबत द्या.

सगळ्यात जास्त मुली हरवतात, कारण आडनाव बदलतं आणि काही घरांत पहिलं नावही बदललेलं असतं. त्यांना माहेरच्या नावाने शोधा, भावाच्या नावाने शोधा. जुन्या डायरीतल्या सात आकडी नंबरापुढे २ लावून एकदा फिरवून बघा. बहुतेक लँडलाइन बंद झाल्या आहेत, पण एखाद्या घरी अजून आई फोन उचलते. गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या चाळी आणि इमारती पुनर्विकासाला गेल्या, माणसं डोंबिवली, विरार, पनवेलला पांगली. जुन्या जागी नव्या इमारतीच्या वॉचमनला विचारून उपयोग नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठा. पुनर्विकासात प्रत्येक सभासदाच्या भाड्याचा आणि ताब्याचा व्यवहार असतो, त्यामुळे कोण कुठे गेलं हे त्याला माहीत असतं. नंबर मागू नका, तुमचा नंबर पोचवायला सांगा.

यादीत कॉलेजातलं नाव, आताचं नाव, मोबाइल, ईमेल, शहर असे रकाने करा. शिवाय एक रकाना बहुतेक जण विसरतात: दुसरा संपर्क, म्हणजे भाऊ, बहीण किंवा मुलगा. बंद पडलेला मोबाइल नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याच कुणाला देते, मग आपला निरोप परक्या माणसाकडे जातो आणि इकडे गैरसमज होतो की "उत्तरच देत नाही".

ग्रुप दोन ठेवा. एकात फक्त अ‍ॅडमिन लिहितील आणि तिथे महिन्यातून दोनच निरोप जातील, दुसरा गप्पांचा. एकच ग्रुप असला की तारखेचा निरोप शंभर फॉरवर्डखाली जातो. राजकारणावरून वाद झाला की शांत माणसं गुपचूप बाहेर पडतात, आणि तारीख त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

तारखेला मुंबईत वाव कमी आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी, फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावी. या वयात प्रत्येक दुसऱ्या घरात परीक्षेचं मूल असतं. परदेशातले नाताळच्या सुट्टीत येतात, पण २५ ते ३१ डिसेंबर इथली मंडळी बाहेरगावी आणि हॉलचे भाव चढलेले. राहतो तो जानेवारीचा पहिला शनिवार. पौष लागला असेल तर लग्नं कमी असतात आणि हॉलही सहज मिळतो. रविवार टाळा. मध्य आणि हार्बर रेल्वेवर दुरुस्तीचा मेगाब्लॉक असतो आणि त्याचा तपशील एक-दोन दिवस आधी कळतो. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते, तेव्हा दक्षिण मुंबईचे रस्ते बंद. जेवण साडेसातलाच लावा. नऊला लावलं तर कर्जत-कसाऱ्याकडचे निम्म्या जेवणावरून उठतात.

आता पैसे. इथे जवळपास प्रत्येक बॅच एकच चूक करते. समजा हॉल, फोटोग्राफर, बॅज, माइक मिळून ठरलेला खर्च ६०,००० आणि जेवण पानाला ९००. ग्रुपवर ८० जणांनी 'येतो' म्हटलं, म्हणून ६०,००० भागिले ८०, म्हणजे ७५० अधिक ९००, वर्गणी १,६५०. प्रत्यक्षात पैसे भरून आले ६० जण. जमा ९९,०००, खर्च १,१४,०००. पंधरा हजारांचा खड्डा, आणि तो आयोजकांतल्या एकाच्याच खिशातून जातो. ठरलेला खर्च कायम कमीत कमी आकड्यावर वाटा, 'येतो' म्हणणाऱ्यांवर नाही. केटररला खात्रीच्या पानांचा आकडा द्या आणि जास्तीची किती पानं किती तास आधी सांगितली तर चालतील, ते लिहून घ्या. भाव जीएसटी धरून की वगळून, हेही तिथेच विचारा.

वर्गणी परवडेल तेवढी कमी ठेवा आणि ज्यांना शक्य आहे त्यांच्याकडून वेगळी, बिनबोभाट रक्कम घ्या. तिचा हिशेब फक्त दोघांकडे असावा. 'पैसे भरलेल्यांची यादी' ग्रुपवर टाकू नका, हे मी हात जोडून सांगते. ज्याची नोकरी गेली आहे तो तसं लिहीत नाही, तो "तारीख जमत नाही" म्हणतो. अशाला त्याच्या जवळच्या मित्राने फोन करावा, समितीने नाही.

कॉलेजला देणगी द्यायची असेल तर एक नियम आधीच बघा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या वर्गमित्राची देणगी परदेशी देणगी धरली जाते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवली तर ही अडचण येत नाही.

बॅजवर मात्र जीव लावा. माहेरचं, कॉलेजातलं नाव वर, ठळक, हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. आताचं आडनाव खाली, बारीक. कॉलेजात हाक मारायचे ते नाव तिला किंवा त्याला विचारूनच घाला. काही टोपणनावं तेव्हाही बोचत होती. दोरीतला बॅज हमखास उलटतो, म्हणून दोन्ही बाजूंनी छापा. दारात चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही, तेवढ्यात नजर खाली जाते. तिथे बॅजची कोरी पाठ दिसली तर दोघंही अवघडतात.

संध्याकाळी चारला, तास सुटल्यावर, जुन्या वर्गात एक तास मिळवा. प्राचार्यांना दोन-तीन महिने आधी पत्र द्या. बाकांवर बसून हजेरी घ्या, शक्यतो त्याच सरांकडून किंवा मॅडमकडून. त्यांच्यासाठी गाडी, लिफ्ट किंवा तळमजला, हाताची खुर्ची आणि सोबतीला एक ठरलेला विद्यार्थी हवाच. हजेरीच्या कागदावर जे आता नाहीत त्यांची नावंही रोल नंबरावरच राहू द्या. नाव वाचावं, थांबावं, मग पुढचा नंबर. पण ती नावं आधी घरच्यांकडून पक्की करा. ऐकीव माहितीवर जिवंत माणसाला गेलेला ठरवल्याची उदाहरणं आहेत. घरच्यांना बोलवा, आई किंवा पत्नी आली तर तिला पुढच्या बाकावर बसवा.

मग लगेच, उजेड असतानाच, पायऱ्यांवर ग्रुप फोटो. फोटो काढून झाला की कुणालाही हलू न देता एकाने रांगेपुढून चालत प्रत्येकाचं नाव, डावीकडून उजवीकडे, फोनवर रेकॉर्ड करावं. घरी गेल्यावर त्याच रात्री ती नावं यादीशी ताडून बघा. कोण आलं, कुणाचा नंबर बदलला, कुणी कुणाचा पत्ता दिला, ते भरा आणि यादीची प्रत प्रत्येक तुकडीला नेमलेल्या दोघांना पाठवा.