पांढरी चारचा सूर

गेल्या पावसाळ्यात माझ्या पेटी-दुरुस्तीच्या दुकानात एक जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, आली. सागवानी अंग, सुरांच्या, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी पत्त्यांच्या, दोन ओळी: खर्ज (खालच्या सप्तकाची) आणि नर (त्यावरच्या सप्तकाची), त्याही पॅरिसच्या. आणणाऱ्या गृहस्थांची मागणी साधी होती. "काका, ४४० ला लावून द्या. मुलीला क्लासात कीबोर्डाबरोबर वाजवायचीय." ४४० म्हणजे मध्य सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा; कीबोर्ड याच मापाला लावलेले असतात. पेटी त्यांना मामांकडून मिळाली होती. भजनी मंडळ मोडलं तेव्हा मामांनी ती घेतली, आणि मंडळाकडे ती गाणं शिकवणाऱ्या कुणा बाईंकडून आली होती. त्यामागचं त्यांना ठाऊक नव्हतं.

पट्ट्या काढल्या तर खाचाखाचांत काळी भुकटी. बुक्का! मंडळाची ओळख तिथंच पटली.

मग सूर तपासायला घेतले. अख्खी पेटी ४३५ च्या आसपास बोलत होती. फ्रान्सने १८५९ साली ठरवलेलं सुराचं माप हेच, म्हणजे मूळ लावणी फारशी हललेली नव्हती. पण पांढरी एक, पांढरी चार आणि पांढरी पाच (सप्तकातली पहिली, चौथी आणि पाचवी पांढरी पट्टी) मात्र आणखी उतरलेल्या: अंदाजे १४, १६ आणि १२ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंटचं अंतर असतं), आणि जवळजवळ प्रत्येक सप्तकात तेवढ्याच. धुळीने, गंजाने बिघडलेला सूर असा हिशेबात उतरत नाही. मी कानस खाली ठेवली आणि भिंग घेतलं. सुराची पितळी पत्ती बुडाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. या तिन्हींच्या बुडाशी बारीक, सारख्या रेघा होत्या.

काळी चारला षड्ज धरला की पांढरी एक होते गांधार, पांढरी चार धैवत आणि पांढरी पाच निषाद. तंबोऱ्याशी जुळणारे हे तिन्ही स्वर पेटीच्या ठरीव, सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या स्वरांपेक्षा बरोब्बर एवढेच खाली असतात. म्हणजे कुणीतरी ही पेटी एका गळ्यासाठी लावून घेतली होती. पेटीतल्या सुरांची हीच अडचण सोडवायला श्रुतींचे अभ्यासक असलेल्या सांगलीच्या देवलांनी आणि क्लेमेंट्ससाहेबांनी श्रुति-हार्मोनियमचा, म्हणजे स्वरांच्या बारीक छटाही देणाऱ्या पेटीचा, केवढा खटाटोप केला! आकाशवाणीने तर १९४० साली पेटीवर बंदीच घातली, ती तीस वर्षं टिकली. आणि इथं एका अनामिक कारागिराने एका पट्टीपुरतं का होईना, ते जमवलेलं. तंबोरा लावून काळी चारवर भूप वाजवला. गांधार असा मिळाला की अंगावर काटा आला.

मध्य सप्तकातली पांढरी चार तेवढी वेगळी निघाली. तिच्या पत्तीवर बुडाशी त्या नाजूक रेघा, आणि टोकालाही घासलेलं, राकट, आडवंतिडवं. मंडळ काळी पाचला गात असणार. तिथं पांढरी चार म्हणजे पंचम, आणि उतरलेला पंचम भजनात कोण खपवून घेईल? बाईंचा धैवत आणि मंडळाचा पंचम, दोघांनी एकाच बोटभर पितळेवर आपापला कान चालवला होता. पत्ती इतकी पातळ झाली होती की तिसऱ्यांदा कानस लागली असती तर तुटलीच असती.

गृहस्थांना बोलावून सगळं दाखवलं, ऐकवलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "काका, पटतंय, पण पोरीला सोमवारपासून क्लास आहे."

त्यांचंही खरं होतं. नराची ओळ काढून तिथं गुजरातेतल्या पालिताण्याचे नवे सूर बसवले, ४४० ला लावले. खर्ज तसाच ठेवून त्याचा स्टॉप, म्हणजे हवा सोडणारा खटका, बंद केला. काढलेले सूर क्रमाने कागदात गुंडाळून, प्रत्येकावर पट्टी लिहून त्यांच्या हाती दिले आणि सांगितलं, पोरगी गायला लागली आणि तिची पट्टी काळी चार निघाली, तर पेटी घेऊन या. हे सूर परत बसवायचे पैसे घेणार नाही.